बेंझीन आणि आमचे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांइतका हवेवर राग असलेला माणूस कृष्णेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नसेल. हवा म्हणजे तुम्ही-आम्ही ज्यावर जगतो तीच. पण मामांच्या मते ती एक नंबरची चोरटी आणि ओली वस्तू होती. बुचातून शिरायची, नळीतून शिरायची आणि माणसाच्या आयुष्याचं काम दोन मिनिटांत नासवून पुन्हा साळसूदपणे खिडकीबाहेर झाडं हलवत बसायची. सांगलीच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवत. माझ्या बायकोचे ते सख्खे मामा, गाव मेढ्याजवळ. माझी त्यांची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. अंतरपाट दूर होईपर्यंत ते भाचीच्या मागे मामा म्हणून रीतसर उभे होते. मग पंगत बसली. मामांनी ताटातला पापड उचलला, कानाशी नेऊन मोडला, क्षणभर ऐकल्यासारखं केलं आणि शेजारच्याला म्हणाले, "आज हवा कोरडी हाय." पुढचा भात येईपर्यंत मामा पाटावर नव्हते. ते सांगलीची एस. टी. पकडायला गेले होते. व्याह्यांकडच्या मंडळींना, म्हणजे आमच्या लोकांना, मानपानात काही राहिलं असं वाटून फार वाईट वाटलं. मामींनी त्यांची समजूत काढली. "आवं, तुमचं कायबी चुकलं न्हाई. पापड कुरकुरीत निघाला की आमचा मानूस हातचा गेला म्हनून समजायचं."

पुढे विमा कार्यालयाच्या नोकरीत माझी बदली सांगलीलाच झाली आणि मामांचं घर दोन गल्ल्यांवर आलं, तेव्हा या पापडाचा अर्थ मला हळूहळू कळला. त्यांच्या घराच्या प्रत्येक खिडकीत एका बशीत चिमूटभर मीठ ठेवलेलं असे. सकाळी उठून देवाला नमस्कार करण्याआधी मामा बशा हलवून बघत. मीठ सुटं असेल तर दिवस प्रयोगाला चांगला. मिठाला पाणी सुटलेलं असेल तर मामा दिवसभर कुणाशी धड बोलत नसत आणि मामी त्या दिवशी कुठलीही मागणी पुढे करत नसत. पावसाळ्याचे चार महिने तर ते सुतकात असल्यासारखे वागत. सगळा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसलेला असताना पावसाला नावं ठेवणारा शेतकऱ्याचा मुलगा मी हा एकच पाहिला. या चार महिन्यांत ते परदेशातल्या शास्त्रज्ञांना कार्डं लिहीत. तुमचा अमुक निबंध छापून आला आहे, त्याची एक प्रत पाठवावी, एवढाच मजकूर. आश्चर्य म्हणजे प्रती येत. पोस्टमनने एकदा मला वाटेत गाठून विचारलं, "तुमच्या मामांचं नातेवाईक लय लांबलांब पसरल्यात व्हय?" मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार?

या सगळ्याच्या मुळाशी बेंझीन होतं. पहिल्याच रविवारी चहाला आले असताना मामांनी मला ते समजावून सांगितलं. वर्गात ते शुद्ध मराठी बोलत. पण विषय आवडीचा निघाला की थेट मेढ्याला पोचत. "जावईबापू, बेंझीन म्हंजे काय? सहा कार्बनांचं रिंगण. एकमेकांचा हात धरून बसल्यात. आन् हरेकाच्या बाहेरच्या हातात एकेक हायड्रोजन. हे सहाच्या सहा जण लय सुखी. आन् सुखी मानसाला जागचं हलवणं जगात सगळ्यात अवघड." मामांना त्यातला एक हायड्रोजन सोडवायचा होता आणि त्याच्या जागी धातूचा अणू बसवायचा होता. एकदा तिथे धातू बसला की मग त्या जागेवर हवं ते जोडता येतं. औषधं, रंग, काय वाट्टेल ते. मी विचारलं, "मग अडलंय कुठं?" मामांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हायड्रोजन सुटत न्हाई. तितंच घोडं पेंड खातंय."

हे घोडं बरीच वर्षं पेंड खात होतं. मामा साताऱ्याला शिकत असताना त्यांना एक प्राध्यापक होते, फार कडक आणि फार हुशार. वर्गात मामांनी उठून विचारलं होतं, की बेंझीनचा हायड्रोजन धातूने सरळ ओढून का काढता येत नाही? सर म्हणाले होते, "सोडियमचं थोडंफार जमतं म्हणतात, पण हातात धरण्यासारखं काही येत नाही. तुझ्या हातात येईल त्या दिवशी मला आणून दाखव." वर्ग हसला. सरही बहुधा हसले असतील. मामा मात्र हसले नाहीत. सरांनी घरचा अभ्यास दिला आहे असंच ते धरून चालले.

त्यांनी सुरुवात लिथियमपासून केली. हा धातू तेलात बुडवून ठेवावा लागतो, कारण हवा त्यालाही सोडत नाही. त्यापासून मामा एक संयुग बनवत, ते बेंझीनवर सोडत आणि शेवटी त्यात कर्बवायू घालत. रिंगणात धातू बसला असेल तर त्यातून बेंझॉइक आम्लाचे पांढरेशुभ्र स्फटिक निघायला हवेत, असा हिशेब होता. स्फटिक निघत नसत. बेंझीन लिथियमकडे ढुंकूनही बघत नसे, आणि ते लिथियमचं संयुग मग एकटंच कर्बवायूशी संधान बांधून भलतंच एक आम्ल तयार करी. त्या आम्लाला बोकडाचा वास येत असे. बोकडासारखा नव्हे, बोकडाचाच, तोही पावसात भिजलेल्या. हा वास मामांच्या कपड्यांना, केसांना, छत्रीलासुद्धा लागे आणि तीन-तीन दिवस जात नसे. दोन वर्षं हे चाललं होतं. अशा दिवसांत मामी त्यांचं ताट अंगणात मांडत. एकदा पलूसला मामींच्या भाच्याची सुपारी फुटत होती आणि मामा आदल्या दिवशीचा प्रयोग अंगावर घेऊन तसेच बैठकीत येऊन बसले. थोड्या वेळाने मुलीचे वडील उठले आणि सोप्याच्या कोपऱ्यांत, पोत्यांमागे, सगळीकडे वाकून बघू लागले. "कुनाचं करडू आत आलंया काय रं?" असं त्यांनी गड्याला विचारलंही. मामा मान खाली घालून सुपारी कातरत राहिले. घरी येताना मला एवढंच म्हणाले, "बेंझीन अजून दाद देत न्हाई, जावईबापू."

मग एका पावसाळ्यात परदेशातून एक पाकीट आलं आणि मामा भर श्रावणात हसतमुख दिसू लागले. त्या निबंधात लिहिलं होतं, की लिथियमचं संयुग एकटं घेऊ नका. त्यात पोटॅशियमचं एक संयुग मिसळा. वेगवेगळी घेतली तर दोन्ही निष्प्रभ. पण एकत्र आली की त्यांच्यात अशी काही ताकद येते, की बेंझीनला हायड्रोजन सोडावाच लागतो. मी म्हटलं, "म्हणजे एकजण धरतो आणि दुसरा ओढतो, असं का?" मामांनी बराच विचार केला. "कोन धरतं आन् कोन ओढतं, ते अजून कुनालाच धड ठावं न्हाई. पर काम व्हतंय असं लिवलंय. आन् लिवणारा मानूस खोटं लिवणारा वाटत न्हाई." निबंध इंग्रजीत होता, माणूस सातासमुद्रापलीकडचा. तो खोटं लिहिणारा नाही हे मामांना कशावरून कळलं, ते मी विचारलं नाही.

या कामाला हवा अजिबात चालत नव्हती. फ्लास्कमध्ये हवेच्या जागी आरगॉन नावाचा वायू भरावा लागे. तो कोल्हापूरच्या एका कारखान्यात वेल्डिंगसाठी येत असे. एवढं मोठं नळकांडं मामांना कोण देणार? मग ते फुटबॉलचे चार ब्लॅडर घेऊन गेले, चारही त्या वायूने फुगवून घेतले आणि जाळीच्या पिशवीत घालून एस. टी.त बसले. मी बरोबर होतो. कंडक्टरने पिशवीकडे बोट करून विचारलं, "ह्यात काय हवा भरलीया?" मामा दुखावले. म्हणाले, "हवा नाही म्हणून तर एवढ्या लांबून आणलंय." कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि मामांना मऊ आवाजात पुढची, कमी धक्के बसणारी जागा दिली.

पहिल्या खेपेला मात्र घात झाला, आणि तोही प्रयोगात नव्हे, अल्कोहोलमध्ये पोटॅशियम टाकून संयुग बनवल्यानंतरच्या आवराआवरीत. पोटॅशियम कापायच्या सुरीला चिकटलेला एक कण राहून गेला आणि मामांनी ती सुरी धुवायला नळाखाली धरली. कण पेटला, ठिणगी हेक्झेन, म्हणजे लिथियमचं संयुग ज्यात विरघळवतात तो पेट्रोलसारखा द्रव, पुसलेल्या फडक्यावर पडली, फडक्यावरून पडद्यावर गेली. प्राचार्य धावत आले तेव्हा मामा वाळू टाकत होते. आग विझली होती, पण प्राचार्यांना ऐकावं लागलं ते असं, "सर, थोडे आधी यायला हवे होतात. पोटॅशियमची ज्योत इतकी शुद्ध जांभळी क्वचित दिसते." प्राचार्य सज्जन होते. त्यांनी जळका पडदा पाहिला, मामांच्या जळक्या भुवया पाहिल्या आणि प्रयोगशाळेची किल्ली मागून घेतली.

इथे ही गोष्ट संपली असती. पण एप्रिलच्या शेवटी साताऱ्याहून पत्र आलं. ते मामांच्या त्या जुन्या, कडक सरांच्या मुलीने लिहिलं होतं. वडिलांची नजर गेली आहे, तब्येतही आता फार दिवस साथ देईल असं वाटत नाही, जुन्या विद्यार्थ्यांची आठवण काढतात, जमल्यास भेटून जावं. मामांनी ते पत्र मला वाचायला दिलं आणि खिडकीतली मिठाची बशी उगाचच हलवत उभे राहिले. "जून लागला की हवा भिजली," ते म्हणाले. "म्हंजे मे महिना हाय." सरांना नुसतं भेटून यावं, हे त्यांच्या मनातच आलं नाही. हात हलवत सरांपुढे कसं जायचं?

दुसऱ्या दिवशी ते प्राचार्यांकडे गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण परवानगी घेऊन आले. प्रयोगशाळेत नाही, मागच्या सायकलींच्या शेडमध्ये, सुट्टी लागल्यावर, वाळूच्या चार बादल्या जवळ ठेवून, आणि कॉलेजबाहेरचा एक जबाबदार माणूस साक्षीदार म्हणून हजर असला तर. मामांनी माझं नाव सांगितलं. मी विमा कार्यालयात आहे हे कळल्यावर प्राचार्यांनी ताबडतोब होकार दिला म्हणे.

तो दिवस मला मिनिटा-मिनिटाने आठवतो. मे महिन्याची सकाळ, ऊन चटके देणारं, पापड काडकन मोडलेला. फ्लास्कमध्ये बेंझीन आणि पोटॅशियमचं पांढरं संयुग, खाली बर्फ-मिठाचं घमेलं. ढवळायला यंत्र नव्हतं, म्हणून मामांनी मामींचं शिलाई मशीनच शेडमध्ये आणलं होतं आणि त्याचा पट्टा काचेच्या ढवळणीला जोडला होता. मामी पायडल मारायला बसल्या. "आवं, जोरात का हळू?" त्यांनी विचारलं. "परकराला टीप घालतीस तशी," मामा म्हणाले. माझ्याकडे आरगॉनचा ब्लॅडर होता. तो काखेत धरून इतकाच दाबायचा, की वायू आत जात राहील आणि हवा आत येणार नाही. मिरजेचे सोडावॉटरवाले चाचा त्यांच्या कर्बवायूच्या नळकांड्यासह आले होते. गोटी सोडा विकण्यात त्यांची उमर गेली होती. त्यांनी येताच सांगून ठेवलं, "मास्तर, तुमच्या बाटलीत काय बी होऊ द्या, माझ्या वायूला बोल लावू नका. पंचक्रोशीत कुणाच्या पोटात दुखलं न्हाई त्यानं."

मामांनी लिथियमचं संयुग थेंब-थेंब सोडायला सुरुवात केली. मशीनचा खडखड आवाज तेवढा येत होता. पहिला तासभर काहीच झालं नाही आणि माझ्या नाकाला उगाचच बोकडाचा भास होऊ लागला. मग फ्लास्कमधलं पातळ द्रावण गढूळ व्हायला लागलं, हळूहळू पिठल्यासारखं दाट झालं, तपकिरी रंगावर गेलं. मामी म्हणाल्या, "पाय जड झाला. आत कायतरी घट्ट व्हतंय बघा." मामांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो फ्लास्कवर पडू नये म्हणून त्यांनी मान इतकी मागे घेतली होती, की त्यांना दिसत काय होतं कोण जाणे. "चालू ठेव," एवढंच म्हणाले. "थांबू नगंस."

दुपारी चाचांची पाळी आली. त्यांनी नळकांडं उलटं करून मामींच्या पिठाच्या कोरड्या पिशवीत तोंड उघडलं. असा फूत्कार झाला, की शेडवरची कबुतरं उडाली, आणि पिशवी गोठलेल्या कर्बवायूच्या पांढऱ्या बर्फाने भरली. सांगलीत, भर मे महिन्यात. चाचा स्वतःच चकित होऊन पिशवीत डोकावून बघत राहिले; आपण इतकी वर्षं बाटल्यांत काय भरत होतो, ते त्यांना आज दिसलं होतं. मामांनी ते तपकिरी पिठलं त्या बर्फावर ओतलं. नंतर पाणी, मग बराच वेळ वेगळं करणं, धुणं. शेवटी त्यांनी चंचुपात्रात उरलेल्या स्वच्छ पाण्यात आम्लाचे थेंब टाकले. पाणी दुधासारखं झालं आणि त्यात पांढरा चुरा खाली बसू लागला. मामांनी वाकून वास घेतला. पुन्हा घेतला. मग पात्र मामींपुढे धरलं, कारण या बाबतीत घरात शेवटचा शब्द त्यांचा होता. मामींनी हुंगलं आणि म्हणाल्या, "बोकड न्हाई."

मामा जवळच्या सायकलीच्या कॅरियरवर बसले. चाचांनी त्यांच्या हातात एक गोटी सोडा फोडून दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्फटिक गरम पाण्यातून शुद्ध करून वाळवले आणि वितळवून पाहिले. शुद्ध बेंझॉइक आम्ल एकशे बावीस अंशांना वितळतं. मामांचं एकशे बावीसला वितळलं. पुन्हा केलं, पुन्हा एकशे बावीस. तिसऱ्यांदा त्यांनी थर्मामीटर मला वाचायला लावला, कारण स्वतःच्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास राहिला नव्हता.

साताऱ्याला आम्ही दोघे गेलो. स्फटिकांची छोटी कुपी मामांच्या खिशात होती आणि त्यांचा हात सगळी वाट खिशावर. सर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मुलीकडे राहत. ओसरीवर खाटेवर उशांना टेकून बसले होते, अंगाने अगदी वाळलेले, डोळे मिटलेले. मामांनी नाव सांगितलं. सरांनी लगेच ओळखलं आणि विचारलं, "काय आणलंस?" मामांनी कुपी त्यांच्या हातात दिली आणि एका दमात, शुद्ध पुस्तकी मराठीत सगळं सांगितलं. सरांनी बूच काढून चिमूटभर स्फटिक बोटांत चोळले, आणि परीक्षा सुरू झाली. हेक्झेन कशावर सुकवलंस? पोटॅशियमच्या संयुगातला उरलेला अल्कोहोल कसा घालवलास? तापमान किती होतं? हवा गेली नाही कशावरून? मामा ताठ उभे राहून उत्तरं देत होते. खाटेशेजारी खुर्ची होती; पण त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं.

"हे दुकानातून आणलेलं बेंझॉइक आम्ल नाही कशावरून?" सरांनी विचारलं.

मामांनी मला पुढे केलं. मी म्हणालो, "मी समोर होतो. ब्लॅडर धरायला."

"तुम्ही रसायनशास्त्राचे?"

"नाही. विमा कार्यालयात असतो."

"मग तुम्ही सहजासहजी विश्वास ठेवणार नाही. ठीक आहे." सर पुन्हा मामांकडे वळले. "पण हे काम दोन धातूंनी मिळून केलं, एकट्या लिथियमने नाही, हे तू कशावरून म्हणतोस? एकटं लिथियम घेऊन तोच प्रयोग केलास का?"

मामांचा आवाज पडला. "केला सर. दोन वर्षं तोच करत होतो. काही आलं नाही. वास तेवढा आला."

"एकट्या पोटॅशियमच्या संयुगाने?"

"तोही केला. बेंझीन होतं तसं परत मिळालं."

सरांनी चाचपून कुपीचं बूच लावलं. मग म्हणाले, "अरे, मग ती दोन वर्षं वाया गेली असं तू समजत होतास की काय? ती नसती तर मी आत्ता तुला परत पाठवलं असतं. पुरावा तोच आहे." आणि जरा थांबून, "वितळणांक?"

"एकशे बावीस."

"किती वेळा घेतलास?"

"तीनदा."

"बस आता," सर म्हणाले. मामा खुर्चीवर बसले आणि त्यांनी रुमाल काढून तोंड पुसलं, नको इतका वेळ. सरांनी मुलीला हाक मारून आमच्यासाठी पोहे करायला सांगितलं. निघताना मामा कुपी मागायला विसरले, किंवा सर ती द्यायला विसरले. ती त्यांच्या मुठीतच राहिली.

सर त्या पावसाळ्यात गेले. मामांनी तो प्रयोग पुन्हा कधी केला नाही. हे कुठे छापायला का देत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ज्यानं शोधलं त्यानं कवाच छापलंय की. मी नुसता पेपर सोडवला." खिडकीतल्या बशा हळूहळू उचलल्या गेल्या. मामींच्या मशीनवर पुन्हा परकर शिवले जाऊ लागले. मामा पावसातसुद्धा चारचौघांसारखे वागू लागले, याचं आम्हाला बरं वाटायला हवं होतं, पण मामीच एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "घर लय गप झालंया बघ."

पुढच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी मी काही निरोप द्यायला कॉलेजात गेलो होतो. एक मुलगी मामांपुढे रडकुंडीला येऊन उभी होती. तिच्या परीक्षानळीत जे यायचं ते आलं नव्हतं. मामांनी तिला खुर्ची दिली. "काय काय केलंस आणि काय काय झालं नाही, ते सुरुवातीपासून सांग," असं म्हणून ते मागे टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. ती अडखळत सांगू लागली. पलीकडच्या टेबलावर दोन मुलं एकमेकांना खुणावून हसली. आपल्या सरांना डुलकी लागली, असं त्यांना वाटलं. मी त्यांना काही सांगितलं नाही. दाराशीच थांबलो आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत आत गेलो नाही.